ठोक्यावरचं बोट

"सॅमसननं फसवलं मला," शांतवन म्हणाला. "दर तासाला वाजतं म्हणाला होता. दोन महिने झाले, एकदा तरी वाजलंय का?"

त्याने मनगट माझ्यासमोर धरलं. काळ्या पट्ट्याचं, आकड्यांचं घड्याळ. त्याच्या मावसभावाने, सॅमसनने, मस्कतहून आणलेलं. मिरजेत तेव्हा असली घड्याळं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती, त्यामुळे शांतवन उन्हाळ्यातही पूर्ण बाह्यांचा शर्ट कोपरापर्यंत दुमडून हिंडायचा.

मी चहा गाळत होते. बघता बघता सातावर दोन शून्यं आली आणि घड्याळ वाजलं. टिट्-टिट्. बारीक, सुईसारखा आवाज.

शांतवन घड्याळाकडेच बघत होता.

"बघ," तो म्हणाला, "सात वाजले. आलं काही ऐकू?"

माझा हात थांबला. गाळणीतला चहा कपाबाहेर सांडला.

"नाही," मी म्हटलं.

का म्हटलं, ते मला तेव्हा नीट कळलं नव्हतं. चौऱ्याऐंशी सालची गोष्ट आहे. मी अठ्ठावीस वर्षांची होते आणि सहा वर्षं डॉक्टर दांडेकरांच्या कान-नाक-घशाच्या दवाखान्यात लोकांचे कान तपासत होते. हा आवाज माझ्या रोजच्या ओळखीचा होता. माझ्या यंत्रावर चार हजारच्या आकड्याला काटा लावला की हेडफोनमध्ये साधारण असाच सूर येई. इचलकरंजीचे मागवाले यायचे, वीस-वीस वर्षं खटखटाटात काढलेले. बोललेलं सगळं ऐकू येतं म्हणायचे, आणि या सुरावर दगडासारखे बसून राहायचे. गोंगाट कान खायला लागला की पहिला घास तिथलाच घेतो.

शांतवन मागवाला नव्हता. तो बेस गिटार वाजवायचा.

आम्ही दोघं एकाच चर्चच्या गायनमंडळात वाढलो, म्हणून मी त्याला अरेतुरे करायचे. सासूबाईंसमोर मात्र 'अहो'. इसाकभाई मुजावरांच्या ऑर्केस्ट्रात तो बारा वर्षं होता. सांगली, कोल्हापूर, निपाणी, पार बेळगावपर्यंत कार्यक्रम व्हायचे. लोक गायिकेकडे बघायचे, बाजावाल्याकडे बघायचे. बेसवाल्याकडे कोणी बघत नसे. शांतवन म्हणायचा, "मी वाजवायचं थांबलो की लोकांना चुकचुकल्यासारखं होतं, पण काय गेलं ते सांगता येत नाही. एवढीच माझी किंमत."

त्या वर्षी मात्र त्याला कोणीतरी बघितलं. मुंबईचा एक माणूस कोल्हापूरच्या कार्यक्रमाला आला होता. परदेशी प्रवासी बोटीवरच्या बँडसाठी तो वादक निवडत होता. त्याने शांतवनला कागदावरचं नोटेशन वाचायला दिलं, शांतवनने ते घडाघडा वाजवून दाखवलं. एका वर्षाचा करार. चौतिसाव्या वर्षी. पुन्हा असं बोलावणं येणार नव्हतं, हे तो जाणून होता आणि मीही. त्या दिवसापासून तो घरात शिट्टी वाजवत फिरायचा. सासूबाई ओरडायच्या, "शिट्टीनं दारिद्र्य येतं रे!" आणि हा म्हणायचा, "येऊ दे, आई. मी बोटीवर असेन, त्याला पत्ता सापडायचा नाही."

करारासोबत वैद्यकीय तपासणीचा अर्ज होता. त्यात एक रकाना कानांचा.

*

"कसं बसू?"

"तिकडे तोंड करून. माझ्याकडे बघायचं नाही."

"लग्नातही असंच सांगितलं होतंस."

"शांतू, गंमत नको. बारीकात बारीक आवाज आला तरी बोट वर करायचं. आल्यासारखा वाटला तरी करायचं. कळलं?"

"कळलं, बाई."

ती खोली म्हणजे एक लाकडी कपाटच होतं. आतून कापूस आणि भोकाभोकांचा पत्रा, मधे वीतभर काच. मी त्याच्या कानांवर हेडफोन चढवले, तांबडा उजवीकडे, निळा डावीकडे, आणि दार लावून बाहेर माझ्या खुर्चीवर बसले. काचेतून मला त्याची मान आणि गुडघ्यावर ठेवलेला हात दिसत होता.

मन थाऱ्यावर राहावं म्हणून मी लहानपणी गायनमंडळात शिकवलेलं तेच केलं. मनात मोजलं. एक, दोन, तीन, चार, बटण. एक, दोन, तीन, चार, बटण. हाताला त्याने आधार मिळाला.

हजारवर सुरुवात केली. बोट वर. आवाज कमी केला. बोट वर. आणखी कमी. बोट वर. दोन हजार. बोट वर.

चार हजार. एक, दोन, तीन, चार.

बोट वर.

आवाज कमी करत करत दहा डेसिबलपर्यंत आले. आमच्याकडे दहावर उत्तर आलं की पुढे जायचा रिवाज होता. दिवसाला तीस-तीस माणसं, कोण शून्यापर्यंत जाणार? प्रत्येक वेळी बोट वर. उजवा कान, डावा कान, सगळीकडे. कागदावरची रेघ विहिरीच्या पाण्यासारखी सपाट आली.

मी दार उघडलं तेव्हा मला रडू येत होतं.

"नापास?" तो म्हणाला.

"कुत्र्याचे कान आहेत तुझे."

"सासरहून आलेले असणार."

डॉक्टरांनी रेघ बघितली, मान डोलावली. "संगीतकाराचा कान," म्हणाले. अर्जावर सही-शिक्का राहिला, कारण शिक्का कंपाउंडरकडे होता आणि कंपाउंडर सुट्टीवर होता. "सोमवारी घेऊन जा," म्हणाले.

मी स्वतःला समजावलं की घड्याळातच दोष असेल, किंवा शांतवनचं त्या वेळी लक्ष नसेल. शनिवारी सकाळी आम्ही अंगणात बसलो होतो. दहा वाजले. घड्याळ त्याच्या मांडीवर वाजलं. समोरच्या गोठ्यातल्या वासराने कान हलवले. शांतवन शेंगा सोलत राहिला.

*

त्या दुपारी मी डबा घेऊन तालमीला गेले. एरवी मी जात नसे. इसाकभाईंच्या लाकडाच्या वखारीमागे पत्र्याची शेड होती, तिथे तालीम चाले. बाहेरच्या रस्त्यापासूनच माझ्या छातीत बेसची धडधड जाणवायला लागली.

आत गेले आणि पहिल्यांदा धंद्याच्या नजरेने बघितलं. शांतवन ड्रमला खेटून उभा होता. बेसवाले तसेच उभे राहतात. ड्रमवाल्याच्या डाव्या हाताला पायाने मिटणाऱ्या दोन झांजा असतात, त्यांच्यावर बेसवाल्याचा सगळा हिशेब चालतो. त्या झांजा त्याच्या उजव्या कानापासून हातभर अंतरावर होत्या. आणि त्याचा स्वतःचा अँप्लिफायर, लाकडी पेटीएवढा, मागे जमिनीवर, पोटऱ्यांच्या उंचीला. म्हणजे त्याचा आवाज त्याच्या पायांमधून निघून समोरच्या भिंतीवर जात होता. त्याला स्वतःचं वाजवणं ऐकू येत नव्हतं, म्हणून तो बटण फिरवून आवाज वाढवत होता. तो वाढला की बाकीचे वाढवत. बारा वर्षं हे चाललेलं.

गाणं थांबल्यावर तो माझ्याकडे आला. कानांतून पांढरं काहीतरी डोकावत होतं.

"हे काय?"

"कापूस. ड्रमचा फार त्रास होतो हल्ली. रात्रभर कानात बारीक शिट्टी राहते."

"मला कधी सांगितलं नाहीस!"

"दवाखाना घरी आणायचा नाही, असं तूच म्हणालीस ना?"

कापसाने काही होत नाही, वरवरचा आवाज दबल्यासारखा वाटतो आणि जे नुकसान व्हायचं ते होतंच, हे मी दिवसातून दहा मागवाल्यांना सांगायचे.

ड्रमवर स्वतः इसाकभाईच असत. ते घाम पुसत पुढे आले. "वहिनी आल्या! आता आमचा खेळ दाखवलाच पाहिजे. शांतू, ये."

शांतवन लाजल्यासारखा हसला, पण गेला. इसाकभाईंनी चार ठोके दिले, काठ्या हवेत धरल्या आणि थांबले. शांतवनने डोळे मिटलेले, बोट तारेवर. शेडमध्ये कोणी हललं नाही. बाहेर करवत चालू झाली, बंद झाली. किती वेळ गेला कोण जाणे. मग काठी खाली आली आणि त्याच क्षणी तार वाजली. एका सुईइतकंही अंतर नाही. सगळे ओरडले.

"सोळा मात्रा सोडल्या," इसाकभाई म्हणाले. "बत्तीस सोडल्या तरी येतो बरोब्बर."

"न ऐकता?"

"ऐकायचं कशाला, वहिनी? ते आत चालूच असतं. मला तर थांबलेल्या काठीचाही आवाज येतो. विचारा त्याला."

मी विचारलं नाही. मला प्रशिक्षणातल्या आमच्या बाई आठवल्या. पहिल्याच दिवशी त्यांनी फळ्यावर लिहिलं होतं: दोन सुरांमधलं अंतर बदलत ठेवा. एक, दोन, तीन, चार, बटण. मी त्याला ताल धरून दिला होता. आणि बारा वर्षं बेस वाजवणाऱ्याने तो उचलला होता.

डबा तिथेच ठेवून मी घरी आले.

*

सोमवारी मी त्याला दवाखान्यात बोलावलं. "एक आकडा लिहायचा राहिलाय," म्हटलं. हे माझं दुसरं खोटं.

हजारवर मी मुद्दाम तोच ताल धरला. एक, दोन, तीन, चार, बटण. सहा-सात वेळा. बोट वर, बोट वर. मग चार हजारवर गेले आणि हात मागे घेतला. बटणाला शिवलेच नाही. मनात मोजलं. एक, दोन, तीन, चार.

काचेपलीकडे बोट वर गेलं.

पुन्हा. बोट वर.

मग मी वेडेवाकडे सूर दिले. कधी लगेच, कधी पाण्याचा घोट घेऊन. त्याचं बोट अर्धवट उठायचं, खाली बसायचं. मान हलायला लागली. शेवटी रेघ उतरली. उजव्या कानाला चार हजारवर साठचा खड्डा, डाव्याला पंचेचाळीसचा.

तो दार ढकलून बाहेर आला. "आज ठेका फार चुकत होता तुझा."

"मी चुकवत होते."

"म्हणजे?"

मी दोन्ही कागद त्याच्यासमोर ठेवले. "मी बटण दाबलं नाही तेव्हाही तू बोट वर केलंस, शांतू."

"मला ऐकू आलं."

"काही वाजलंच नव्हतं."

"मला ऐकू आलं म्हणतोय ना!"

"त्या दिवशीही असंच केलंस. तालावर बोट उचललंस. इसाकभाईंना दाखवतोस तोच खेळ तू माझ्याशी खेळलास."

त्याने मला कधी न पाहिल्यासारखं बघितलं. "करुणा, मी तुला खोटं कशाला सांगेन? आवाज आला, मी बोट वर केलं. पाहिजे तर वेदीसमोर शपथ घेतो."

"घे!" मी म्हटलं. "देवाच्या दारात खोटी शपथ, तेवढंच राहिलं होतं. बोटीसाठी तू तेही करशील."

बोलून झाल्यावर मला ते शब्द परत घ्यावेसे वाटले. पण घड्याळ मधे आलं. अकरा वाजले आणि त्याच्या मनगटावर ते वाजलं.

"आत्ता वाजलं," मी म्हटलं. "तुझं घड्याळ. ते रोज वाजतं. दर तासाला."

त्याने मनगटाकडे बघितलं. मग कानाशी नेलं, उगाचच. वाजून गेलं होतं.

"त्या दिवशी सात वाजता मी तुला विचारलं होतं," तो हळू म्हणाला. "तू नाही म्हणालीस."

मी दोन्ही कागद उचलून हातात घेतले.

"मग आपल्या दोघांत खोटं कोण बोललं?"

आतून डॉक्टरांनी हाक मारली. आम्ही दोघं गेलो. त्यांनी चष्मा लावून दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि मला विचारलं, "यातला खरा कुठला?"

टेबलावर अर्ज होता. शिक्का उघडून ठेवलेला होता. शाईची डबीसुद्धा. मी पहिल्या कागदावर बोट ठेवलं असतं तर शांतवन पंधरा दिवसांत समुद्रावर असता. तो डॉक्टरांकडे बघत नव्हता. माझ्या हाताकडे बघत होता.

मी दुसऱ्यावर बोट ठेवलं.

"लोंढे," डॉक्टर म्हणाले, "बोटीवर रोज सहा तास वाजवायचं, खाली इंजिन. वर्षभरात उरलंसुरलंही जाईल. तुमच्या बायकोनं तुमच्यावर उपकार केलेत."

"हो," शांतवन म्हणाला.

*

अकरा दिवस तो माझ्याशी बोलला नाही. बाराव्या दिवशी मी दवाखान्यातली गुलाबी लुकण घरी आणली. श्रवणयंत्राचे साचे ज्याने घेतात, ती. तो आडवा झाला, मी त्याच्या कानांत ती भरली आणि घट्ट होईपर्यंत शेजारी बसून राहिले. त्यावरून डॉक्टरांच्या ओळखीच्या माणसाने दोन बुचं करून दिली, मधे बारीक भोक ठेवून, म्हणजे सूर कळतो पण मार लागत नाही. इसाकभाईंनी वखारीतल्या सागवानाचं स्टूल करून अँप्लिफायर त्यावर तिरका ठेवला. "इतकी वर्षं पोटऱ्यांना ऐकवत होतास होय रे?" म्हणाले. आवाज निम्म्यावर आला आणि शांतवनला आपलं वाजवणं प्रथमच नीट ऐकू आलं. झांजांपासून तो दोन हात लांब उभा राहू लागला. एकसष्टाव्या वर्षापर्यंत वाजवलं त्याने, आणि कान त्या दिवशी होते जवळपास तिथेच राहिले.

म्हणजे मी बरोबर होते. हे मला लोकांनी इतक्यांदा सांगितलं की मी विचारायचं सोडून दिलं.

फक्त एक झालं. त्या सोमवारनंतर मी काहीही सांगितलं की तो ते पुरतं परत म्हणून दाखवायचा. "येताना अर्धा लिटर दूध आण." "येताना अर्धा लिटर दूध." "डॉक्टरीणबाई येऊन गेल्या." "डॉक्टरीणबाई येऊन गेल्या." आधी मला वाटलं चिडवतोय. मग वाटलं, कान गेलेली माणसं करतात तसं खात्री करून घेतोय. मुलं हसायची. सून म्हणाली, "बाबा म्हणजे पोस्टातल्या तारवाल्यासारखे." चाळीस वर्षं त्याच्या तोंडून मी 'ऐकलं' हा शब्द ऐकला नाही. मला तो शब्द कधी उणा वाटला नाही, हे मी इथे लिहून ठेवते.

*

गेल्या डिसेंबरात माझेच कान तपासायची वेळ आली. सांगलीला गेलो. शांतवन बाहेर बाकावर बसला, काठी गुडघ्यांत धरून. आत बावीस-तेवीसची मुलगी होती. बाहेर रांग मोठी, तिला घाई होती.

"आजी, बारीक आवाज आला तरी बोट वर करायचं हं. आल्यासारखा वाटला तरी."

"माहीत आहे ग," मी म्हटलं. "हेच काम केलंय मी."

"अय्या, हो?"

दार बंद झालं. इतक्या वर्षांत या बाजूला मी कधीच बसले नव्हते. कानात माझी स्वतःचीच एक बारीक शिट्टी असते हल्ली, ती तिथल्या शांततेत मोठी झाली. पहिला सूर आला. मग दुसरा. मुलगी सरळ तालात देत होती. मला हसू आलं. तिला बाहेर गेल्यावर सांगायचं ठरवलं. बोट वर. बोट वर. सूर बारीक होत गेला, केसाएवढा झाला, पण येत होता. स्पष्ट येत होता. बोट वर.

दार उघडलं.

"आजी, जरा थांबा. मला फोन आला होता, मघापासून मी काही वाजवलंच नाही. तुम्ही बोट का वर करताय?"

"आला की आवाज," मी म्हटलं.

ती हसली. लहान मुलाला हसतात तसं. "नाही हो आजी."

"आला म्हणते ना मी तुला—"

आणि माझ्याच तोंडून माझ्याच कानांनी मी ते ऐकलं.

उरलेली तपासणी कशी झाली ते आठवत नाही. कागद घेऊन बाहेर आले. शांतवन बाकावर बोटांनी काहीतरी वाजवत बसला होता. मी त्याच्या डाव्या बाजूला बसले. त्या कानाने त्याला बरं येतं.

"काय म्हणाली?"

"शांतू, दांडेकरांच्या दवाखान्यात तू खोटं बोलला नव्हतास."

त्याची बोटं थांबली. समोरच्या बाकावरचं कोणीतरी आमच्याकडे बघत होतं. मी वाट बघत राहिले, सवयीने, की आता तो हेच वाक्य परत म्हणेल.

त्याने काठी टेकली, उठायला माझ्या खांद्याचा आधार घेतला आणि तो हात तिथेच ठेवला.

"ऐकलं," तो म्हणाला.